पाठ करून बसलेली गाडी

आईंचा पाय ब्रेकवर होता आणि गाडी चालतच होती.

"आई, ब्रेक दाबा," मी खळ्यातून ओरडले.

"दाबलाय."

"जोरात दाबा."

"अगं, पाय खाली टेकलाय. याच्यापुढे जमीनच आहे."

गाडीला काही घाई नव्हती. आमच्या खळ्याला उतार नावापुरताच आहे, पाणी फाटकाकडे वाहून जावं इतकाच. त्या उतारावरून ती निळी गाडी माझ्यासमोरून रमतगमत निघाली. आईंनी हँडब्रेक ओढला. तो कोपरापर्यंत वर आला, तरी गाडी आपल्या चालीनं पुढे गेली आणि फाटकाशेजारी रचलेल्या पेंढ्याच्या ढिगात नाक खुपसून थांबली. काचेवर पेंढ्याच्या काड्या पडल्या. आईंनी शांतपणे वायपर लावला, काड्या बाजूला सारल्या आणि त्यातून माझ्याकडे बघितलं.

"थांबली," त्या म्हणाल्या.

"पेंढ्यामुळे थांबली."

"मग रविवारी उन्मेषला सांगू, की फाटकाशी कायमचा पेंढा रचून ठेवू."

उन्मेष म्हणजे माझा नवरा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा. तो तेव्हा कोल्हापूरला बँकेत होता, सुट्टीच्या दिवशी देवरुखला यायचा. मी इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच असायचो. मी बार्शीची. सासूशी काय बोलावं हे मला कळत नव्हतं आणि पावसात काय बोलावं हेही कळत नव्हतं. त्या सासू होत्या आणि इथे पाऊस फार होता. आम्ही एकमेकींशी चांगल्या वागायचो. चांगल्या म्हणजे, जपून.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना पाहिलं नाही. ते गेल्यावर आईंनी साठीच्या तोंडावर गाडी चालवायला शिकून घेतली आणि लायसन काढलं. देवरुखात त्याची बरीच चर्चा झाली म्हणतात. पण गेल्या वेळी उन्मेष आला तेव्हा बाजारातून येताना ब्रेक इतका करकरला, की भाजीवाल्यांनी टोपल्या मागे ओढल्या. घरी येऊन तो म्हणाला, "आई, हिच्या ब्रेकचे पॅड गेले, मागचे शू गेले. ही गाडी आता रस्त्यावर न्यायची नाही. माझ्या मित्राला, शिरीषला, हवी आहे, मी त्याला शब्द देतो. पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाईल."

"पॅड नवे मिळतात की," आई म्हणाल्या.

"मिळतात, पण जुनी गाडी ती जुनीच. आणि तुला जायचं तरी कुठे असतं? सांग, मी रिक्षा ठरवून ठेवतो."

सोमवारी सकाळच्या एसटीने आई रत्नागिरीला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. पिशवीतून कोथिंबीर निघाली, पडवळ निघालं, आणि त्याखालून पॅडचा एक आणि शूचा एक असे दोन खोके निघाले.

"तुला विज्ञान येतं ना?" त्यांनी मला विचारलं.

"मला बेडूक येतो, आई."

"मग झालं. त्यालाही चार पाय असतात."

गॅरेजात का नेत नाही, हे विचारायची गरज नव्हती. गावातलं गॅरेज पप्या चव्हाणचं, आणि पप्या उन्मेषचा शाळेतला बाकमित्र. गाडी त्याच्या दारात लागली असती त्याच संध्याकाळी कोल्हापूरला फोन गेला असता. आईंना रविवारी उन्मेषच्या आणि शिरीषच्या डोळ्यांदेखत गाडी थांबवून दाखवायची होती. त्याआधी कुणी मधे पडलेलं त्यांना नको होतं.

तर असे आम्ही ब्रेक उघडले. सासऱ्यांची हत्यारं पडवीत होती, गाडीसोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तकही होतं. गाडी आम्ही तिचं ढुंगण ओटीकडे करून लावली, कारण ओटीवर दिवा होता आणि आईंना पायरीवर बसता येत होतं. पुढची चाकं सोपी गेली. जुने पॅड बिस्किटासारखे झिजले होते, ते काढले, नवे सरकवले. मागच्या चाकांत मात्र ड्रमच्या आत, त्याला आतून दाबून धरणारे दोन चंद्रकोरीसारखे शू, चार-पाच स्प्रिंगा आणि त्या दोन शूंच्या मधे एक दातेरी चाकाचा स्क्रू, असा संसार होता. मी दोन्ही बाजू उघडल्या, सगळे तुकडे दोन स्टीलच्या ताटांत मांडले आणि कॉलेजात बरण्यांवर लावतो तशी चिकटपट्टी लावून एका ताटावर 'डावी' आणि दुसऱ्यावर 'उजवी' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मला प्रॅक्टिकल होती. परत आले तर आईंनी दोन्ही ताटं रिकामी करून घासून पालथी घातली होती.

"बसवलं मी," त्या म्हणाल्या. "तू काढताना बघत होते ना. शिवणाच्या मशीनपेक्षा सोपं आहे. नवे शू घातले, बाकीचं जसं होतं तसं."

मी वाकून बघितलं. एकही स्प्रिंग चुकलेली नव्हती. मग ड्रम चढवले, चाकं लावली आणि गाडी फिरवून घेतली, ती पेंढ्यात गेली.

*

मला गाडी चालवता येत नव्हती आणि गाडीचं काही कळतही नव्हतं. पण एखादी गोष्ट चालत नसेल तर एका वेळी एकच शंका घ्यायची आणि ती मिटल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, एवढं मला शिकवलेलं होतं. आईंची पद्धत वेगळी होती. त्यांना सगळ्या शंका एकदम यायच्या.

"ऑइल गळत असेल. नाहीतर नवे शू खोटे असतील. नाहीतर पेडलचं काहीतरी. नाहीतर दृष्ट लागली असेल त्या भाजीवाल्यांची."

"आधी ऑइल बघू."

ब्रेक ऑइलची पातळी होती तिथेच होती. चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, कोरडं ठाक. म्हणजे गळती नाही. पुस्तकात पुढचं लिहिलं होतं, नळीत हवा शिरली असेल. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळे हवा असेल तर पाय स्पंजावर ठेवल्यासारखा वाटतो. ती काढायची तर एकीने आत बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसरीने चाकाशी बसून निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, सैल करायचं. मी निपलला सलाईनची नळी लावली आणि तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवलं.

"आई, दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

"नाही सोडत गो. तू कर तुझं."

मी निपल सैल केलं.

"वृषाली, पाय आपोआप खाली चाललाय. मी काही करत नाहीये."

"जाऊ दे. सोडू नका फक्त."

"सोडत नाही. कोण? मालूवहिनी का? या ना, बसा."

बाटलीतलं ऑइल नळीतून सुर्रकन उलटं चढलं. आई शेजारणीला बघायला उठल्या होत्या.

"आई, पाय."

"अगं बाई. परत दाबू?"

मालूवहिनी ओटीवर बसल्या आणि त्यांनी चहा होईपर्यंत आमचा कार्यक्रम बघितला. "दोघी मिळून काय काढताय?" त्यांनी विचारलं.

"हवा," आई म्हणाल्या. "कुणाची ते रविवारी कळेल."

चारही चाकांची हवा काढून बघितली. सुरुवातीला आमच्याच चुकीने शिरलेले बुडबुडे निघाले, नंतर नुसतं तेल. पेडल मात्र होतं तिथेच. लागोपाठ दोनदा दाबलं तर वर यायचं, एकदा दाबलं तर खाली. आणि पायाला स्पंज लागत नव्हता, नुसता रिकामपणा लागत होता, असं आई म्हणाल्या. हे त्यांनी फार नेमकं सांगितलं. पुस्तकातही तेच होतं. स्पंज नसेल आणि दुसऱ्या दाबाला पेडल वर येत असेल, तर मागचे शू ड्रमपासून लांब राहिलेत, त्यांना जवळ आणा.

त्यासाठी मागच्या पत्र्याला एक भोक असतं. त्यातून स्क्रू-ड्रायव्हर घालून ते आतलं दातेरी चाक दात-दात फिरवायचं, की शू पसरतात. मी गाडीखाली शिरले आणि चाक हाताने फिरवल्यावर आत शू हलकेच घासल्याचा आवाज येईपर्यंत दाते फिरवत राहिले. तेवढ्यात घरात फोन वाजला. आईंनी उचलला. खिडकी उघडी होती.

"बोल रे उन्मेष. आम्ही बऱ्या आहोत. वृषाली? ती गाडीखाली आहे."

पलीकडून काहीतरी प्रश्न आला असावा.

"गाडीखाली म्हणजे खाली. आडवी. पाय दिसतायत मला."

मग आई हसल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" मी खालून विचारलं.

"म्हणाला, आई, तुला हल्ली विनोद सुचायला लागलेत, छान वाटतं."

संध्याकाळी त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल अर्ध्या वाटेतच घट्ट उभं राहिलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. खळ्यात पुढे नेली, थांबवली. मागे आणली, थांबवली. मी बाजूला उभी होते. दर वेळी ती थांबली की काचेआड आईंचा चेहरा असा व्हायचा, जसा परीक्षेत पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या मुलीचा होतो. त्या रात्री त्यांनी घावन केले आणि रस नारळाचं घट्ट दूध काढून केला.

शनिवारी सकाळी पेडल पुन्हा खाली गेलं.

*

"काल तर होता," आई म्हणाल्या. त्या गाडीतच बसून होत्या, दार उघडं टाकून. "काल लागत होता गो. मी सकाळपासून जरा पुढे-मागे केली, सराव म्हणून. दर वेळी थोडा थोडा खाली गेला. जितका लावते तितका कमी होतो."

"म्हणजे वापरल्याने कमी होतो?"

"हो. बोलवायचं का पप्याला?"

मी त्यांच्याकडे बघितलं. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं. हात स्टिअरिंगवर होते, पण धरलेले नव्हते, नुसते ठेवलेले होते.

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

त्यांचं ते वाक्य मला सोडवत नव्हतं. वापरल्याने कमी होतो. पुस्तकात उलटं होतं. दातेरी चाकाशेजारी एक छोटी पट्टी असते. ब्रेक दाबला, शू पसरले, की ती चाकाला एखादा दात पुढे ढकलते, म्हणजे शू झिजतील तसे आपोआप बाहेर सरकावेत. वापरल्याने ब्रेक वर यायला हवा, निदान तिथेच राहायला हवा.

"आई, हँडब्रेक ओढून बघा."

तो पुन्हा कोपरापर्यंत आला.

"काल संध्याकाळी किती येत होता?"

"काल? थोडाच. चटकन लागायचा."

मी ओटीच्या पायरीवर बसले. हँडब्रेकला तेल लागत नाही, त्याची नुसती तार असते, थेट मागच्या शूंपर्यंत गेलेली. पेडलही खाली आणि हँडब्रेकही ढिला, म्हणजे दोघांमधे जे सामायिक आहे तिथेच दुखणं आहे. तेल नाही, हवा नाही, पुढचे पॅड नाहीत. मागचे ड्रम.

"पुन्हा उघडायचं," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

ड्रम काढले. सगळं जागच्या जागी होतं. मी डाव्या चाकाशी नाक लावून बसले आणि आईंना म्हटलं, "हँडब्रेक जरासा ओढा. अगदी हळू." शू पसरले, पट्टी खाली आली, दातेरी चाकाला तिने एक दात ढकललं. टक. "सोडा. पुन्हा." टक. मी स्क्रूकडे बघत राहिले. तो लांब होत नव्हता, आखूड होत होता. उजवीकडे जाऊन बघितलं, तिथेही तेच. प्रत्येक टकबरोबर आमचे ब्रेक इमानेइतबारे स्वतःला सैल करत होते.

मी दोन्ही स्क्रू काढले आणि तळहातावर शेजारी शेजारी धरले. दिसायला सारखे. पण नखाने आट्यांचा माग काढला तर एकाचे आटे एकीकडे वळत होते, दुसऱ्याचे दुसरीकडे.

"हे बघा, आई. शंखासारखे आहेत."

"कसे?"

"बहुतेक शंख एकाच बाजूला वळतात. एखादाच उलटा निघतो, देव्हाऱ्यात ठेवतात तो. हे दोन तसेच आहेत. एकमेकांची आरशातली रूपं. दोन चाकं समोरासमोर तोंड करून असतात ना, म्हणून एका बाजूचा स्क्रू असा आणि दुसऱ्या बाजूचा तसा. अदलाबदल झाली तर पट्टी फिरवते बरोबर, पण स्क्रू उलटा जातो."

"पण अदलाबदल होईल कशी? तू नावं लिहिली होतीस. 'डावी' ताटातलं मी डावीकडे बसवलं, 'उजवी'तलं उजवीकडे. मी काय निरक्षर आहे?"

"डावीकडे म्हणजे कुठे?"

आई पायरीवर बसल्या होत्या, गाडीची मागची बाजू त्यांच्या पुढ्यात. त्यांनी हात केला, त्यांच्या उजव्या हाताच्या चाकाकडे.

"हे. डावं."

"आई, हे उजवं आहे."

"माझ्या उजव्या हाताला आहे. पण माझ्या हाताचं कोण विचारतंय?" त्यांनी शेजारचं रिकामं ताट उचललं आणि माझ्यासमोर फरशीवर ठेवलं. "तू बस अशी. माझ्याकडे तोंड कर. बसलीस? आता तुझ्या ताटाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मी तुला वाढते." त्यांनी हवेतलं मीठ स्वतःच्या उजव्या हाताकडे, माझ्या डाव्या हाताकडे वाढलं. "वाढणारीने स्वतःचं डावं धरलं तर सगळ्या पंगतीची ताटं उलटी होतील. डावं म्हणजे समोर बसलेल्याचं डावं. अख्ख्या देवरुखाला मी असंच वाढलंय. कुणाची चटणी भाजीच्या जागी गेलेली नाही."

मी त्या ताटाकडे बघितलं. मग गाडीकडे.

"बरोबर आहे तुमचं. मीही तेच केलं. आम्ही बेडूक कापतो तेव्हा त्याचं डावं म्हणजे त्याचं स्वतःचं डावं, माझं नाही. गाडीचंही मी तिचंच डावं लिहिलं."

"मग दोघींचं एकच झालं की."

"एकच आहे. फक्त, आई, ती तुमच्याकडे तोंड करून बसलेली नव्हती. पाठ करून होती."

आईंनी गाडीच्या त्या डिकीकडे, दोन लाल दिव्यांकडे आणि मधल्या नंबरपाटीकडे बराच वेळ बघितलं. खरं सांगायचं तर ते चेहऱ्यासारखंच दिसत होतं.

"पंगतीत पाठ करून कोण बसतं?" त्या म्हणाल्या.

मला आधी हसू आलं. मग त्यांना आलं. त्या पदर तोंडाला लावून हसायच्या, पण हात ग्रीसने भरलेले होते, त्यामुळे पदर तसाच राहिला आणि त्या उघड्या तोंडाने हसल्या. मी ताटासमोर मांडी घालून बसलेली, हातात दोन स्क्रू. मालूवहिनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि काही न विचारता परत गेल्या.

दोन्ही स्क्रू आपापल्या घरी गेले. आईंनी हँडब्रेक ओढला, पट्टीने दात ढकलला, टक, आणि या वेळी स्क्रू केसभर लांब झाला. मी तो लांब होताना पाहिला. पुढे कॉलेजात अनेक वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली कितीतरी गोष्टी हलताना पाहिल्या, पण इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. ड्रम चढवले, शू जवळ आणले. संध्याकाळपर्यंत आई खळ्यात पुढे-मागे करत होत्या. ब्रेक तसूभर खाली गेला नाही.

*

रविवारी उन्मेष आणि शिरीष सकाळच्या एसटीने आले. शिरीष साखरप्याचा. मोठ्या अंगाचा, लाजाळू माणूस, हातात पेढ्यांचा पुडा आणि खिशातून डोकावणारा नवा कोरा पिवळा फडका. गाडी पुसायला आणला असावा.

"काकू, तुम्ही काळजी करू नका," तो आईंना म्हणाला. "मी जपेन तिला."

"आधी चहा घे," आई म्हणाल्या. "मग बस माझ्या गाडीत."

"म्हणजे?" उन्मेषने विचारलं.

"म्हणजे शिरीष मागे बसेल, वृषाली मागे बसेल, तू पुढे बस."

"आई, ब्रेक..."

"बस म्हटलं ना."

आमच्या घरापासून बाजाराकडे जाणारा रस्ता शाळेपासून खाली एकदम उतरतो. उताराच्या तळाशी चौक आहे आणि चौकात रविवारचे भाजीवाले. आईंनी तोच रस्ता घेतला. उताराला लागलो तसा उन्मेषने एक हात डॅशबोर्डवर ठेवला, दुसऱ्याने दाराची मूठ धरली. त्याचा उजवा पाय पुढच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला मला मागून दिसत होता. भाजीवाल्यांनी निळी गाडी ओळखली. दोघातिघांनी टोपल्यांना हात घातला.

आईंनी ब्रेक दाबला. गाडी करकरली नाही, लचकली नाही, कुठे ओढली गेली नाही. एखादं वाक्य पूर्ण होऊन थांबावं तशी पहिल्या टोपलीच्या अलीकडे थांबली. टोपलीवाली बाई हात तसाच ठेवून बघत राहिली.

"पाय काढ तो," आई उन्मेषला म्हणाल्या. "तिथे दाबून काही होत नाही."

मग त्यांनी गाडी मागे घेतली, थांबवली. पुढे नेली, थांबवली. चढावर उभी केली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात सोडून मांडीवर ठेवले. गाडी जागची हलली नाही.

"पप्याने केलं?" उन्मेषने विचारलं.

"तुला फोनवर सांगितलं होतं, बायको गाडीखाली आहे म्हणून."

उन्मेष मागे वळला. मी माझे हात दाखवले. नखांतली ग्रीस अजून निघाली नव्हती. त्याने ते हात बघितले, मग आईंचे बघितले. ते तसेच होते. त्याने दाराच्या मुठीवरचा हात काढून घेतला. मग शिरीषकडे बघून म्हणाला, "शिऱ्या, मी शब्द दिला होता रे तुला..."

"तू दिला होतास," शिरीष म्हणाला, "पण गाडी काकूंची आहे. अशी थांबणारी गाडी मी पण दिली नसती." त्याने खिशातला फडका काढला आणि आईंच्या पुढ्यात धरला. "हा घ्या. माझ्या काही उपयोगाचा नाही आता."

एकच अडचण होती. तो गाडी घेऊनच घरी जायचं म्हणून आला होता आणि दुपारी साखरप्याला एसटी नव्हती. जेवणं झाल्यावर आईंनी किल्ली उचलली.

"चल, सोडते तुला. वृषाली, येतेस?"

"मी पण येतो," उन्मेष म्हणाला.

"तू नको. संध्याकाळचा भात लावून ठेव. तांदूळ दोनदा धू."

जाताना शिरीष सगळी वाट बोलत होता. येताना आम्ही दोघीच होतो आणि गप्प होतो. पण हे गप्प असणं नेहमीसारखं जपून नव्हतं. रस्ता डोंगराच्या कडेने वळणावळणाने उतरत होता. एका वळणाच्या आधी आईंनी गाडी हळू केली, रस्त्याच्या कडेला घेतली आणि भर उतारावर उभी केली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

मी दचकले. "काय झालं, आई? ब्रेक?"

"काही नाही. ब्रेक बरा आहे."

"मग?"

त्यांनी काच खाली केली. खाली दरीत भाताची खाचरं होती, त्यांच्यामधून नदी गेली होती, आणि नदीच्या एका वाकणावर एक छोटं देऊळ आणि त्याच्यापुढे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांवर कुणीतरी कपडे धूत होतं. आपटण्याचा आवाज वर यायला वेळ लागत होता. आधी हात खाली यायचा, मग आवाज.

"लग्न होऊन आले तेव्हापासून या रस्त्याने जातेय," आई म्हणाल्या. "एसटीतून जायचे, मग ह्यांच्याबरोबर गाडीतून. दर वेळी मी म्हणायचे, जरा थांबवा ना इथे. ते म्हणायचे, उतारावर थांबवायचं नसतं, ब्रेक झिजतात. माणूस चांगला होता. पण थांबायचा नाही. हे देऊळ मी इतकी वर्षं जाता-जाता बघितलंय. दिसलं म्हणेपर्यंत वळण यायचं."

"म्हणून गाडी हवी होती?"

"उन्मेष विचारतो, तुला जायचं कुठे असतं. जायचं कुठेच नसतं गो." त्या बाहेर बघत होत्या. "रिक्षावाल्याला काय सांगणार? मला अमुक वळणावर नेऊन उभी कर?"

मी माझ्या बाजूची काच खाली केली. खालची बाई कपडे पिळून पायरीवर ठेवत होती. एकेक पिळा नीट, ओळीत.

"त्या पायऱ्या किती आहेत बघ," आई म्हणाल्या. "मला वाटायचं दोन-तीनच असतील."

मी मोजू लागले. त्याही मोजत होत्या, ओठ हलत होते. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत आम्हाला वळसा घालून उतारावर गेला आणि त्याची धूळ खाली बसेपर्यंत आमची मोजणी चुकली.

"चुकलं," मी म्हटलं.

"मग पहिल्यापासून मोज," आई म्हणाल्या आणि सीटला टेकून बसल्या. "आपल्याला कुठे जायचंय?"